भिंतीवरची एकच रेघ

माझा मोठा भाऊ वजनमापं तपासणारा निरीक्षक आहे. तो दुकानात कधी सांगून शिरत नाही. त्याच्या कामात एक पद्धत आहे. आधी एखादं अनोळखी गिऱ्हाईक पाठवायचं, त्याने काहीतरी साधी खरेदी करायची, पुडी घेऊन बाहेर यायचं आणि कोपऱ्यावर उभ्या असलेल्या गाडीत ती पुन्हा तोलायची. पुडी कमी भरली की मग साहेब आत जातात. साहेब आधी गेले तर दुकानदाराचा काटा आपोआप शहाण्यासारखा वागायला लागतो.

त्यामुळे वहिनीकडे जाऊन मिलीला विज्ञान शिकव असं तो मला म्हणाला तेव्हा मी सरळ विचारलं, "दादा, मी शिकवायला जातेय की पुडी आणायला?"

"दोन्ही," तो म्हणाला. "आणि आता वहिनी वहिनी करणं सोड."

"वेगळा तू झालास. मी नाही."

मिली त्यांची मुलगी, दहा वर्षांची. जन्मली तेव्हा इतकी हलकी होती की दादा तिला मिलीग्रॅम म्हणायला लागला, आणि त्यातलं मिली तेवढं उरलं. वहिनी वजनकाटे दुरुस्त करते. दुरुस्त केलेल्या काट्याचं निरीक्षकाकडून पासिंग करून घ्यावं लागतं, त्याच्या शिक्क्याशिवाय तो काटा दुकानात परत जात नाही. दोघांची ओळख झाली ती अशी. हल्ली वहिनी आपले काटे दुसऱ्या निरीक्षकाकडे नेते. तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला बसतो.

भांडण शाळेवरून होतं. वहिनीला मिलीला शाळेतून काढून घरीच शिकवायचं होतं. दादाला ते मुळीच मान्य नव्हतं. शेवटी मुख्याध्यापिकेने मध्यम मार्ग काढला. एक सत्र मुलीला घरी शिकवून बघा, पुढचं सत्र सुरू व्हायच्या आत दोघांनीही हो म्हटलं तर नाव काढू, एकाने जरी नाही म्हटलं तर ती परत वर्गात बसेल. वहिनीने लगेच होकार दिला. दादाने अट घातली की मधून मधून त्याच्या बाजूचं कोणीतरी जाऊन बघेल. ते कोणीतरी म्हणजे मी. मी नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेऊन पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागले होते आणि दोघांच्याही मते मी अजून कोणाच्या बाजूची होण्याइतकी मोठी झाले नव्हते.

दादा लोकांना सांगायचा की मूल मुलांत वाढलं पाहिजे. मला त्याने खरं काय ते एकदाच सांगितलं, तेही गाडीचा आरसा पुसता पुसता. बुधवारी आणि शुक्रवारी शाळा सुटली की फाटकापाशी मिलीला तो घ्यायचा आणि अंधार पडायच्या आत आईकडे सोडायचा. शाळाच नसेल तर फाटकही नाही. "उरला एक रविवार," तो म्हणाला, "आणि रविवारी ती पाहुण्यासारखी वागते. हे तिच्यापाशी बोलायचं नाही. तिला कळलं तर ती हेच धरून बसेल."

'तिला' म्हणजे वहिनीला.

पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा वहिनी दारातच उभी होती, हातात स्क्रूड्रायव्हर.

"या शास्त्रज्ञबाई. आधी चहा की आधी झडती?"

"चहा."

"मग झडती. बरं."

पुढची खोली म्हणजे तिचं दुरुस्तीचं दुकान. बाकावर बेकरीतला काटा पोट उघडून पडलेला, वायरींना कागदी चिठ्ठ्या बांधलेल्या. आतल्या खोलीत मिलीची शाळा. तिथे पाऊल टाकलं आणि मला पहिली शंका आली. खोली फार नीट होती. पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली, पृथ्वीचा गोल नुकताच पुसलेला, पेन्सिलींना एकसारखी टोकं. मिलीने इस्त्रीचे कपडे घातले होते. घरात बसून शिकणारं कुठलं मूल इस्त्रीचे कपडे घालतं?

मी तिला प्रश्न विचारू लागले. बर्फ पाण्यावर का तरंगतो, सावली दुपारी आखूड का होते, असेच. उत्तरं सगळी बरोबर येत होती. पण दर प्रश्नानंतर ती थांबायची, आणि थांबल्यावर ती वर किंवा खाली बघत नसे, सरळ माझ्या तोंडाकडे बघायची. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी प्रश्न विचारला की बाहेरचा स्क्रूड्रायव्हर थांबायचा. मिलीने बरोबर उत्तर दिलं की पुन्हा चालू व्हायचा.

चहाच्या वेळी वहिनीने आपली बाजू मांडली. मागितली नव्हती, तरी मांडली.

"वर्गात विचारलं तर ती बोलत नाही. बाई म्हणतात लाजाळू आहे. घरी बघ, तोंडाला खंड नाही. आणि एका गणिताला तिची अख्खी संध्याकाळ जाते. लिहिते, खोडते, लिहिते, खोडते, कागदाला भोक पडतं. वर्गात तिच्यासाठी कोण थांबणार? बाईंना दोष नाही देत मी, एवढी पोरं सांभाळायची म्हणजे काय. पण मी थांबू शकते ना. माझं काम घरात, मला कुठे जायचंय? एवढंच माझं म्हणणं."

"आणि दादा म्हणतो की मुलांत मिसळणं..."

"पोहायला जाते. वाचनालयात जाते. समोरच्या जुळ्यांशी रोज भांडते. आणखी किती मिसळायचं?"

"हे तू त्याला सांगितलंस?"

"सांगितलं. पण तुझा भाऊ ऐकत नाही गं, तपासतो." मग तिने माझ्या पिशवीकडे पाहिलं. "तू त्याला काय काय सांगणार आहेस?"

"जे दिसेल ते."

"दिसेल ते चांगलंच दिसेल," ती म्हणाली. मला ते वाक्य अजिबात आवडलं नाही.

पढवता न येणारं काहीतरी द्यायचं, असं मी घरी जाता जाता ठरवलं. पुढच्या खेपेला मी एक रबरी चेंडू घेऊन गेले. मिलीला सांगितलं की खिडकीच्या कट्ट्यावरून तो नुसता सोडायचा, फेकायचा नाही. तो उसळून जिथवर येईल तिथे भिंतीवर पेन्सिलने बारीक रेघ मारायची. मग पुन्हा सोडायचा, पुन्हा रेघ. कंटाळा येईपर्यंत. मी येईन तेव्हा आपण भिंत बघू.

यात अवघड काही नव्हतं. बोटं कधी जरा आधी सुटतात, कधी डोळा खाली असतो, कधी चेंडू थोडा फिरत पडतो, म्हणून रेघा एका जागी येत नाहीत. त्यांचा एक पट्टा तयार होतो, मधे दाट, कडेला विरळ. तो पट्टा बघून मी तिला सरासरी शिकवणार होते.

मी पुन्हा गेले तेव्हा भिंतीवर एकच रेघ होती.

पट्टा नव्हताच. केसाएवढी बारीक, सरळ, एकुलती एक रेघ. मी जवळ जाऊन पाहिलं. रेघेच्या वरखाली भिंत बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होती. कोणीतरी ओल्या फडक्याने ती पुसली होती, आणि रेघ तेवढी चुकवून पुसली होती.

"अगदी नेमकं आलंय," वहिनी दारातून म्हणाली.

मिली हात पाठीमागे धरून उभी होती.

"किती वेळा सोडलास गं चेंडू?"

"पुष्कळ वेळा."

"आणि दर वेळी इथेच आला?"

मिलीने आईकडे पाहिलं. "हो."

"आता एकदा दाखव बघू."

तिने चेंडू सोडला. तो रेघेच्या बराच खाली राहिला. तिने पेन्सिल उचललीच नाही. "हा धरायचा नाही," असं काहीतरी ती पुटपुटली. मी का म्हणून विचारणार, एवढ्यात वहिनी आत आली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "पुरे आता. दमलीये ती. कालपासून तेच चाललंय."

प्रयोगात सगळी मोजमापं तंतोतंत जुळली की आम्हाला आनंद होत नाही, संशय येतो. खरी मोजमापं थोडी तरी विखुरतात. जुळलेली बहुधा घरी बसून तयार केलेली असतात. इथे तर भिंत पुसलेली होती, आणि आई मुलीला पुढे बोलू देत नव्हती. मी तिथून सरळ दादाच्या कार्यालयात गेले.

तो आपली प्रमाण वजनं पेटीत ठेवत होता. चिमट्याने एकेक उचलायचं आणि मखमलीच्या खळग्यात बसवायचं. त्या वजनांना तो कोणाला बोट लावू देत नाही, मिलीलाही नाही. बोटाचा तेलकटपणा लागला तर वजन खोटं होतं म्हणतो.

मी सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत राहिला आणि म्हणाला, "मग बिघडलं काय? रेघ एकच आली, चांगलं आहे की. एकाच वजनाला दर वेळी वेगळा आकडा दाखवणारा काटा मी जप्त करतो."

"दादा, हा काटा नाही. दहा वर्षांच्या मुलीने सोडलेला चेंडू आहे. त्याची एकच रेघ येऊच शकत नाही. एक तर तिने एकदाच सोडला, नाहीतर कोणीतरी रेघ काढून दिली. आणि भिंत पुसलीये."

त्याचा चिमटा हवेतच राहिला. "पुसलीये?"

"ओल्या फडक्याने."

"म्हणजे शिकवत काही नाही. तू यायच्या आधी दुकान लावून ठेवते." त्याने पेटी बंद केली. "चल."

"आत्ता? फोन तरी कर."

"फोन करून गेल्यावर कुठे काय सापडलंय, बारके?"

वहिनी बाकावर वाकलेली होती. दादाला पाहून ती सावकाश सरळ झाली. लग्नाआधी ती त्याला साहेब म्हणायची, आणि आता रागावली की म्हणते.

"या साहेब. परवाना दाखवू?"

"भिंत दाखव."

तो न थांबता आत गेला. मिली जमिनीवर बसून चेंडू मांडीत धरून होती. बाबाला बघून ती हसली आणि त्याच्या मागून आम्हा दोघींचे चेहरे दिसले तसं हसू मावळलं. दादाने भिंतीवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. "साबण."

"भिंत आहे, पुसली."

"रेघ सोडून पुसली. काय लपवलंस?"

"मी?" वहिनीचा आवाज चढला. "लपवलं कोणी ते तुझ्या बहिणीला विचार! न जमणारं काम द्यायचं आणि मग नापास म्हणून सांगायला धावायचं. पोरगी दोन दिवस चेंडू टाकतेय. जेवताना उठून टाकतेय. रडली काल. मला तेव्हाच वाटलं, हा सापळा आहे."

"सापळा कसला?" मी म्हणाले. "रेघा वेगवेगळ्या यायलाच हव्या होत्या!"

मिलीने मान वर केली. मग मिली म्हणाली, "काय?"

"वेगवेगळ्याच येतात, मिली. सगळ्यांच्याच येतात. माझ्याही आल्या असत्या."

"तू तसं सांगितलं नव्हतंस."

खरंच सांगितलं नव्हतं. मला ते तिला स्वतःला सापडायला हवं होतं.

"मग तू काय केलंस?" मी तिच्याजवळ बसले. "नीट सांग."

ती चेंडूकडे बघत बोलत होती. "चेंडू नवीन आहे. कट्टा हलत नाही. भिंत हलत नाही. तरी वेगळं येत होतं. मग खराब मीच ना? आई काटा नीट करते तेव्हा एकच वजन पुन्हा पुन्हा ठेवते आणि आकडा एकच यायला लागतो. तोपर्यंतचे आकडे धरत नाहीत. मी पण धरले नाहीत. पुसले. मग एकदा तीन वेळा लागोपाठ एकाच जागी आला. ती रेघ ठेवली." तिने नाक ओढलं. "पण मग परत वेगळा यायला लागला. माझं पासिंग होतच नव्हतं."

वहिनी भिंतीला टेकली. "मी बघितलं होतं तिला पुसताना," ती हळू म्हणाली. "मला वाटलं, बरोबर करतेय. मी असते तर मीही पुसलं असतं."

"शाळेतही असंच करतेस?" मी विचारलं.

"बाई विचारतात ना, तेव्हा मी मनात उत्तर काढते. मग परत काढून बघते, तेच येतंय का. मग अजून एकदा. तोवर बाई दुसऱ्याला विचारतात."

आता दादाचं मन द्रवेल असं मला वाटलं होतं. पण दादाचं आयुष्य दुकानदारांच्या डोळ्यांतलं पाणी बघण्यात गेलंय. तो मिलीसमोर उकिडवा बसला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "मिली, खरं सांग हं. मी रागावणार नाही. हे असं बोल म्हणून आईने सांगितलं होतं ना?"

मिलीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पहिल्या दिवशी माझ्याकडे बघत होती तसंच, उत्तर तिथेच कुठेतरी लिहिलेलं असावं तसं.

"हो," ती म्हणाली.

"मिली!" वहिनी ओरडली.

दादा उठला. "झालं? मुलीच्याच तोंडून ऐकलंस? आता मला कोणी काही सांगू नका. सत्र सुरू झालं की ती वर्गात."

मलाही क्षणभर ते खरं वाटलं. मग ते 'हो' मला फार चटकन आल्यासारखं वाटलं. सावलीचं उत्तर द्यायला ही मुलगी मिनिटभर घेते.

आमच्या प्रयोगशाळेत एखाद्या चाचणीवर भरवसा ठेवायच्या आधी आम्ही तिच्यात शुद्ध पाणी घालून बघतो. शुद्ध पाण्यालाही ती दूषित म्हणाली, तर मग ती कशालाही दूषितच म्हणणार.

"मिली," मी म्हणाले, "आणि हे सगळं मागच्या खेपेला मीच तुला पढवलं होतं. बरोबर ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "हो."

"बारके, काय चाललंय हे?"

"थांब. मिली, आणि बाबांनी सकाळी फोन करून सांगितलं होतं की असंच बोलायचं?"

तिने आळीपाळीने आम्हा तिघांकडे पाहिलं. कोणाच्याच चेहऱ्यावर तिला हवं ते सापडेना. "हो?" ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं.

दादाने फोन केला नव्हता हे त्याला माहीत होतं. तो पुढच्या खोलीतल्या बाकाखालचं ठेंगणं स्टूल ओढत आत घेऊन आला आणि त्यावर बसला. वहिनीने मिलीला जवळ घेतलं, तिचं तोंड आपल्या ओढणीने पुसलं आणि समोरच्या जुळ्यांकडे खेळायला पाठवून दिलं.

दार लागल्यावर ती म्हणाली, "एक मी सांगितलं होतं तिला. आत्या आली की नीट उत्तरं दे, तुझं घरी राहणं त्यावर आहे, असं. खोलीही आवरून ठेवायचे. खोटं कशाला बोलू."

"ते मला कळलं होतं," मी म्हणाले. "स्क्रूड्रायव्हर थांबायचा तुझा."

दादाने मान वर केली. "हे शाळेने केलेलं नाही."

"नाही," वहिनी म्हणाली. ते म्हणायला तिला जड गेलं, कारण तिची सगळी बाजू शाळेवर उभी होती. "ते आपल्याच घरातलं आहे. मी चुकलेलं सगळं फेकून देते, आणि तू तिला वजनाला बोटसुद्धा लावू देत नाहीस."

"मग तिला घरीच ठेवून काय होणार? आणखी तेच शिकेल."

"आणि शाळेत पाठवून? तिथे ती गप्प बसेल, आणि गप्प बसते म्हणून कोणाला काही कळणार नाही. आज कळलं ते का? दोन दिवस ती एकच गोष्ट करत बसली म्हणून. वर्गात तिला दोन दिवस कोण देणार होतं? ज्यांनी बिघडवलं त्यांनीच उघडून बघायला नको का?"

"तू बघशील. मी कुठे बघू?"

"म्हणजे?"

मी दादाकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघेना.

"बोल ना," मी म्हणाले, "नाहीतर मी सांगते."

"मला ती फाटकापाशी मिळायची," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "बुधवारी आणि शुक्रवारी. दप्तर काढून माझ्या खांद्याला अडकवायची आणि घरी पोचेपर्यंत बडबडायची. सत्रभर ते नाही. नाव काढलं की कायमचंच नाही."

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली. "हे होतं? आणि मला मूल मुलांत वाढलं पाहिजे, मूल मुलांत वाढलं पाहिजे! मी आपली घाबरून बसलेली, की हा आता वकील गाठतोय, आई मुलीला शाळेत घालत नाही म्हणून पोरगी काढून नेतोय."

"वकील? मी?"

"मग हेरगिरीला बहीण कोणी पाठवली?"

"तू सरळ सांगितलं असतंस तर..."

"तू सरळ विचारलंस कधी?"

पुन्हा भांडण पेटतंय असं वाटलं, पण वहिनी मधेच थांबली. "हे बघ. शाळा सुटायची ना, त्या वेळेला ये. दोन्ही दिवस. इथल्या दारातून घे तिला. फाटक काय नि दार काय."

"आणि दार बंद असलं तर?"

"काय माणूस आहे हा," वहिनी मला म्हणाली. मग त्याला: "दार बंद सापडलं तर दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन नाही सांग. मी काही बोलणार नाही."

त्याने ते वाक्य मनातल्या मनात दोनदा फिरवून पाहिलं असावं. मुलगीही त्याचीच आहे. "वर्षभरापुरतं," तो म्हणाला. "मुख्याध्यापिकेला हो कळवतो. वर्ष झालं की पुन्हा बोलायचं. आणि त्या दोन दुपारी मी तिला काहीतरी शिकवणार. मीच."

"शिकव. पण माझीही एक अट."

"काय?"

"न कळवता यायचं नाही."

दादा एवढा अडचणीत आलेला मी कधी पाहिला नव्हता. "कळवून म्हणजे किती आधी?"

"माणसं कळवतात तितकं."

त्यानंतरच्या बुधवारी मी तिथेच होते. शिकवायला, पुडी कोणी मागितली नव्हती. आतल्या खोलीत पुस्तकं कशीही पडली होती आणि मिलीच्या बाहीला शाई लागली होती. भिंतीवर आता रेघांचा पट्टा होता. काही रेघा वहिनीच्या होत्या. त्या चुकल्या की ती अजूनही फडक्याकडे बघायची आणि मग हात कमरेवर ठेवून उभी राहायची.

वहिनीचा फोन वाजला.

"मी बाहेर आहे," दादाचा आवाज मला इथवर ऐकू आला. "कळवतोय."

"कधी आलास?"

"हे काय, आत्ता."

मी खिडकीतून पाहिलं. गाडी समोरच्या झाडाखाली लावलेली होती, आणि टपावर वाळक्या पानांचा पातळ थर साचला होता. वहिनीनेही पाहिलं. तिने मिलीचे बूट तेवढे शोधून दिले. मिली बूट घालत असताना वहिनीने हळूच मला विचारलं, "अंधार पडायच्या आत आणेल ना?"

"इतकी वर्षं आणायचा."

"तेव्हा शाळा होती," ती म्हणाली, आणि दारापर्यंत आली.

दादा गाडीला टेकून उभा होता. मिलीने पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली. रस्त्याच्या पलीकडे विटांनी भरलेला एक ट्रक उभा होता. दादाने हनुवटीने तो दाखवला.

"त्याचं वजन किती असेल?"

मिलीने ट्रककडे पाहिलं. मग नेहमीप्रमाणे बाबाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पण दादा ट्रककडेच बघत होता, त्यालाही माहीत नव्हतं. ती पुन्हा ट्रककडे वळली.

"आपल्या गाडीच्या आठपट," ती म्हणाली. "नाही. दहापट."

"नक्की?"

"नाही," मिली म्हणाली, आणि दार उघडून पुढच्या सीटवर बसली.